चौथ्या वळणाची हरकत

सोनखिंड घाटातून रोज ये-जा करणाऱ्या गाडीची ताकद वाढवायची असेल, तर घाटातल्या नऊही वळणांची लेखी संमती लागते. दीपश्री खातूने मार्चमध्ये अर्ज केला, तेव्हा आठ वळणांनी पंधरा दिवसांत संमती कळवली आणि चौथ्याने हरकत घेतली.

दीपश्री दातांची डॉक्टर. घर घाटाखाली, दवाखाना घाटावर. गाडी लाल रंगाची, छोटी, टर्बो पेट्रोल. कंपनीने दिलेली ताकद एकशे अठरा अश्वशक्ती. बशीर नाखवाच्या गॅरेजमध्ये बसून तिने कामांची यादी केली होती: मोठा टर्बो, हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंग. एवढं केलं की गाडी एकशे नव्वदपर्यंत जाईल, असं बशीरने सांगितलं. ब्रेकचंही तो काहीतरी म्हणाला होता, पण दीपश्री म्हणाली, ते नंतर बघू.

घाट कार्यालयातल्या ओगलेबाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला होता. ताकद वाढवण्याचं कारण या रकान्यात दीपश्रीने ‘आवड’ असं लिहिलं होतं.

“आवड चालते,” ओगलेबाई म्हणाल्या. “‘काम’ लिहिलं असतंत तर पुरावा जोडावा लागला असता.”

इतर वळणांच्या शंका किरकोळ होत्या. दुसऱ्याने एक्झॉस्टच्या आवाजाबद्दल विचारलं, कारण त्याच्या वरच्या झाडांवर वानरं झोपतात. सातव्याला फक्त गाडीचा रंग जाणून घ्यायचा होता. चौथ्याने मात्र एका ओळीत लिहिलं होतं: ‘अर्जदाराने समक्ष भेटावे.’

“नाही भेटले तर?” दीपश्रीने विचारलं.

“तर अर्ज निकालात. तुमची काही अडचण आहे का तिथे जायला?”

दीपश्री म्हणाली, अडचण नाही. ओगलेबाईंनी पुढे विचारलं नाही. आठ वर्षांपूर्वी दीपश्रीचा धाकटा भाऊ हेरंब त्याच वळणावरून गाडीसकट दरीत गेला होता आणि गावात हे सगळ्यांना माहीत होतं.

वळणं दुपारी दोन ते चार भेटतात. दीपश्रीने बुधवारी दुपारचे रुग्ण पुढे ढकलले, गाडी अलीकडच्या मोकळ्या जागेत लावली आणि चालत चौथ्यापाशी गेली. ती या वळणावरून दिवसातून दोनदा जात असे, पण पायी आली नव्हती. पायी ते बरंच लहान वाटलं.

“डॉक्टर खातू?” वळणाने विचारलं.

“हो.”

“कठड्यावर बसू नका. सैल झालाय. मी दोनदा कळवलंय.”

ती डोंगराच्या बाजूच्या दगडावर बसली.

“तुमच्या यादीत पळायची चार कामं आहेत,” वळण म्हणालं, “थांबायचं एकही नाही.”

“ब्रेक कंपनीचे आहेत. चांगले आहेत.”

“एकशे अठराला चांगले आहेत.”

“बाकी आठ जणांना चालतंय.”

“त्यांना चालेल. उतरताना माझ्याआधी पाच वळणं लागतात. गाडी माझ्यापाशी येते तेव्हा ब्रेक सर्वांत जास्त तापलेले असतात. माझ्यानंतर सपाटी आहे, तिथे ते निवतात. म्हणून तिसऱ्याला, दुसऱ्याला, पहिल्याला गाड्या भल्या वाटतात. मला त्या जशा असतात तशा दिसतात.”

एक ट्रक वर गेला.

“हेरंब खातूचं सांगाल?” दीपश्री म्हणाली.

“जुन्या घटनेच्या माहितीसाठी वेगळा अर्ज असतो. त्याला सहा महिने लागतात.” वळण म्हणालं. “ब्रेकच्या संदर्भात विचारत असाल, तर याच अर्जात सांगता येईल.”

“ब्रेकच्या संदर्भात विचारते आहे.”

“तो जोरात नव्हता. पन्नासच्या आत होता. पाचव्यापासूनच पाय दाबत आला होता. चाकांचा जळका वास माझ्यापर्यंत आधी पोचला. ब्रेक ऑइल उकळलं होतं. इथे, तुम्ही बसलाय त्याच्या थोडं वर, त्याने पाय दाबला आणि पाय तळापर्यंत गेला. मग त्याने गिअर खाली टाकला. हँडब्रेक ओढला. डोंगराला घासायचाही प्रयत्न केला, त्या खुणा अजून आहेत. जे करायला हवं ते सगळं त्याने केलं, आणि ज्या क्रमाने करायला हवं त्याच क्रमाने. माझी रुंदी कमी पडली. वाढवून मागितली होती.”

दीपश्रीने मान वळवून खडकाकडे पाहिलं. कमरेच्या उंचीवर तीन आडवे चरे होते. त्यांत शेवाळ धरलं होतं. तिने त्यांवरून हात फिरवला.

पोलिसांच्या पंचनाम्यात ‘अतिवेग’ असं लिहिलं होतं. घरात आठ वर्षं एकच शब्द चालत होता, ‘मस्ती’. मस्ती नडली, असं आई पहिल्या दिवशी म्हणाली, आणि नंतर तिने हेरंबचं नावच घेतलं नाही. त्याचा फोटो कपाटात, चादरींच्या खाली होता. आई त्यानंतर घाट चढली नव्हती. दीपश्रीला गाडी हेरंबनेच शिकवली होती, तरी तिनेही तो शब्द मान्य केला होता.

“तुम्ही हे आठ वर्षं कुणाला सांगितलं का नाही?”

“पंचनाम्यात वळणाच्या साक्षीचा रकाना नसतो,” वळण म्हणालं. “आणि तुम्ही रोज इथून जाता, पण काचा बंद असतात.”

चार वाजायला आले तेव्हा ती उठली. आभार मानावेत की नाही, हे तिला ठरवता आलं नाही, म्हणून तिने फक्त “येते” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बशीरपुढे जुनी यादी ठेवली आणि पेन काढलं.

“मोठा टर्बो नको. आहे तोच ठेवू.”

“मी पयल्याच दिवशी बोललो होतो, डॉक्टर. आधी ब्रेक.”

“बोललात, पण हळू आवाजात.”

“गिऱ्हाइकाशी जोरात कसं बोलायचं?” बशीर म्हणाला आणि स्टूल ओढून बसला.

दोघांनी तासभर खपून नवी यादी केली. पुढे मोठ्या डिस्क, उष्णता सोसणारे पॅड, उकळायला वेळ लावणारं ब्रेक ऑइल, चांगली पकड असलेले चार टायर. इंटरकूलर राहिला. एक्झॉस्ट वानरांसाठी गेला. ट्यूनिंग सौम्य करायचं ठरलं, एकशे चाळीसपर्यंत. बशीरच्या मते अशी गाडी घाटात एकशे नव्वदवालीच्या पुढे राहील, कारण तिला भ्यायला लागणार नाही. चौथ्याची संमती आठ दिवसांत आली. एकच अट होती: ब्रेक ऑइल दरवर्षी बदलावे.

आईला सांगायला दीपश्रीला आणखी आठवडा लागला. आई ओट्याशी कुळीथ निवडत उभी होती. दीपश्रीने सगळं सांगितलं, जळका वास, गिअर, हँडब्रेक, खडकावरचे चरे.

“कुणी सांगितलं तुला?”

“चौथ्याने.”

“ते कशाला खोटं बोलेल,” आई म्हणाली. ती कुळीथ निवडत राहिली. निवडलेले आणि न निवडलेले तिच्या हातून एकत्र झाले, तेव्हा तिने ताट बाजूला सारलं आणि कपाटाच्या खोलीत गेली. संध्याकाळी फोटो फ्रिजवर होता, पुसलेला. जेवताना आई म्हणाली, “त्याला मी काय काय बोलले गं.” मग ताटं उचलताना म्हणाली, “मला कधी नेतेस वर?”

काम पूर्ण झाल्यावरच्या पहिल्या रविवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, दोघी निघाल्या. आई पुढे बसली. पहिली तीन वळणं ती मांडीवरची पिशवी घट्ट धरून होती. चौथ्याच्या अलीकडे दीपश्रीने गाडी बाजूला घेतली आणि इंडिकेटर चालू केले.

“तू बस,” आई म्हणाली.

आई चाळीस मिनिटं वळणापाशी उभी होती. ती हात हलवून बोलत होती, मध्येच ऐकत होती. एकदा तिने खडकाला कपाळ टेकवलं. काचा उघड्या होत्या, पण वारा उलटा होता, त्यामुळे दीपश्रीला काही ऐकू आलं नाही.

परत आली तेव्हा आईच्या कपाळाला शेवाळ लागलं होतं. तिने पट्टा लावला.

“काय म्हणालं?”

“आमचं आम्ही बोललो,” आई म्हणाली. “चल आता. कशी ओढते बघू दे तरी.”

दीपश्रीने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. टर्बोची शीळ वाजली आणि दोघींच्या पाठी सीटला टेकल्या. आईने वरची कडी धरली, पण हळू घे असं काही ती म्हणाली नाही.

पुढच्या शुक्रवारी घाट कार्यालयाकडून पत्र आलं. पाचव्या वळणाने तक्रार केली होती की, सदर वाहन चौथ्यापर्यंत वेळेत आल्याचे कळले, परंतु त्यापुढे चाळीस मिनिटे आले नाही, त्यामुळे आम्हाला विनाकारण काळजीत राहावे लागले. दीपश्रीने लेखी दिलगिरी व्यक्त केली. आईने ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, “पाचव्यालाही भेटून यायला हवं. त्यालाही वास आला असेल.”