प्रगतिपुस्तकाला तीट

बाबलबाबांनी डिचोलीच्या शोरूममधून नवीकोरी स्कूटर घरी आणली आणि हार-नारळाच्याही आधी खिळा घेऊन तिच्या अंगावर चांगला वीतभर ओरखडा काढला. मी माझ्या अंगणातून ओरडलेच, "अहो, हे काय करताय?"

"आता बघूंदेत कोणाक बघूचा तां," ते समाधानाने म्हणाले आणि खिळा खिशात टाकून पूजेला बसले.

मी लाटंबार्सेच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते आणि बाबलबाबांच्या शेजारी भाड्याने राहते. त्यांची काजूची बाग आहे, थोडे भाताचे शेत आहे आणि चौथीत शिकणारी एक मुलगी आहे, मुक्ता. बायको मुक्ताच्या लहानपणीच गेली. माणूस कष्टाळू, सज्जन, पण चांगले म्हणून काही बोलायचे नाही आणि दुसऱ्यालाही बोलू द्यायचे नाही, असा त्यांचा नेम. काजूची झाडे लगडून वाकलेली असोत, विचारले की "कसले काजू, टिचर! सगळे पोचट." घराला रंग दिला तेव्हा पुढच्या दाराशेजारची एक पट्टी मुद्दाम बिनरंगाची ठेवली. एकदा मी त्यांच्या फणसाला नुसते "वा!" म्हटले, तर "असां बोलू नकात, दिष्ट लागता!" म्हणत ते मीठ-मोहऱ्या आणायला आत पळाले. फणसाची दृष्ट काढलेली मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

मुक्ताला ते हाक मारायचे, "अगो गोबरा!" गोबर म्हणजे चुलीतली राख. पोरगी दिसायला गोड, अभ्यासात पुढे, आणि बापाच्या तोंडी सदा तिची निंदा. मला फार राग यायचा.

अशात आमच्या शाळेने प्रगतिपुस्तक नव्याने बनवायचे ठरवले, तेही गावाला विचारून. सभेला वर्ग भरून गेला. सूचनांना तर ऊत आला. एकीला मासळी साफ करण्याचे गुण हवे होते, कुणाला भजनाचे, तर एका आजोबांना पहिला नंबर परत हवा होता, कारण तो त्यांचा आलेला होता. शेवटी आमच्या हेडसरांनी आपली लाडकी कल्पना काढली. "घरचा शब्द" असा एक रकाना ठेवायचा, त्यात घरच्यांनी आपल्या मुलाविषयी चांगले काहीतरी लिहायचे, आणि निकालाच्या दिवशी मुलांनी ते एकमेकांना वाचून दाखवायचे. टाळ्या पडल्या.

बाबलबाब उभे राहिले. "कागदार पोरांचा बरा लिवतलास, सगळो गाव वाचतलो, आणि दिष्ट लागली तर जबाबदार कोण? सरकार?"

सर हसले. बाया मात्र हसल्या नाहीत, आपसांत कुजबुजू लागल्या.

"मगे काय करूया म्हणता?" एकीने विचारले.

"कार्डार तीट होयी. काळी. छापील."

सरांनी विज्ञानावर छोटेसे भाषण केले. ते संपल्यावर मत घेतले, तर सगळे हात तिटेच्या बाजूने वर गेले. लोकांना विचारायचे ठरवले की लोक सांगतात, आणि मग ऐकावे लागते. आमच्या प्रगतिपुस्तकाच्या कोपऱ्यात अशी काळी टिकली आली. तालुक्याच्या साहेबांनी "हा डाग कसला?" म्हणून विचारले तेव्हा सर मान खाली घालून म्हणाले, "लोकसहभाग."

पुस्तके भरण्यासाठी घरोघर गेली आणि भरून परत आली. मुक्ताचा रकाना तेवढा कोरा होता. एवढी तीट छापून घेऊनही! ती बाकीच्यांची पुस्तके मागून मागून वाचत होती आणि आपले मात्र दप्तराखाली दाबून बसली होती. माझे डोके फिरले. शाळा सुटल्यावर पुस्तक घेऊन मी तडक त्यांच्या बागेत गेले. ते काजूच्या बोंडांतून बिया पिळून काढत होते.

"बाबलबाब, पोरीला आईही नाही. निकालाच्या दिवशी सगळ्यांचे वाचून होईल, तेव्हा हिने काय वाचायचे?"

ते हातातले बोंड फिरवू लागले.

"एकदा बोलान बसलंय, टिचर. मुक्ताच्या बारशाक. तिची आवस थयच हसत हुबी होती. सगळ्या पावण्यांच्या म्होरसून म्हटलंय, माझ्यासारखो सुखी ह्या गावात कोण नाय म्हणान." त्यांनी बोंड टोपलीत टाकले. "वर्साच्या आत ती गेली. आता ह्या एकच उरलाहा."

मी सरांसारखे भाषण करणार होते, पण नुसते पुस्तक पुढे केले. त्यांनी हात धोतराला पुसले आणि पुस्तक माझ्याकडून घेतले.

निकालाच्या सकाळी ते स्वतः शाळेच्या दारात आले, पुस्तक मुक्ताच्या हातात दिले आणि मागे न बघता निघून गेले. रकाना गच्च भरला होता, अक्षरे चौकटीबाहेर समासात घुसली होती. मुक्ता मोठ्याने वाचू लागली.

"काळी. आळशी. अक्षर म्हणजे कोंबडेन उकरलेला. पेज करता ती ढोरा पण खावची नाय."

मुले खो खो हसत होती. मी मात्र कपाळाला हात लावला. मुक्ता वाचत होती आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत चालला होता.

"माका ताप इलो तर शाळा बुडवन डोक्यार पट्टी धरून बसता. बाजारातसून येवक उशीर झालो तर वाटेर येवन रवता, कामधंदो नाय तिका. हसता ती अगदी आवशीसारखी. कायच उपेगाची नाय."

मुक्ताने शेवटच्या दोन ओळी पुन्हा मनातल्या मनात वाचल्या. मग पुस्तक मिटून छातीशी घट्ट धरले आणि माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली,

"टिचर, ह्या आता दुसऱ्या कोणाक दाखवू नकात हां. दिष्ट लागतली."