दुपारच्या जेवणाचं बिल

वजनकाटे विकत बारा वर्षं फिरती केलेल्या माणसाला साहेबांनी या वेळी शब्द दिला होता, "गोदामाची ऑर्डर आण, तुला कायमचं टेबल." टेबल म्हणजे रोज संध्याकाळी घर. बायकोनं फिरतीची बॅग टाकायला माळ्यावर जागासुद्धा करून ठेवली.

घोडं अडलं ते जेवणापाशी. मागच्या फेरीत गिऱ्हाइकानं जेवू घातल्याचं यानं भोळेपणानं सांगितलं, तर हिशेबनीस बाईंनी भत्ता कापून वर फाईलवर शेरा मारला होता. तेव्हा या खेपेला गिऱ्हाइकाच्या अन्नाला शिवायचं नाही, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

गोदामाच्या मालकाला काटे पसंत पडले. सह्या जेवून करू म्हणत त्यानं डबा उघडला. "बसा. आईनं तुमच्यासाठी मुद्दाम जास्तीचं दिलंय."

"नको, पोट बिघडलंय," हा म्हणाला. पोटात कावळे ओरडत होते.

मालक पडला मायाळू. त्यानं याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं सुई टोचली, याच्याकडून फी घेतली आणि आज नुसतं पाणी प्यायचं असं बजावलं. "तुम्ही ऑफिसात पडा, मी गोळ्या आणतो, मग सह्या करू," असं म्हणून मालक गेला.

हा उठला तो थेट समोरच्या खानावळीत. भत्त्याला बिल लागतं, आणि भूकही लागली होतीच. दुसऱ्यांदा वाढून घेत असताना मालक गोळ्या घेऊन दारात उभा राहिला.

"पोटाबद्दल खोटं बोलणारा माणूस काट्याबद्दल खरं बोलेल कशावरून?" एवढं विचारून त्यानं गोळ्या ताटाशेजारी ठेवल्या नि निघून गेला.

परत आल्यावर हिशेबनीस बाईंनी बिल उजेडात धरून पाहिलं. "जेवण पूर्ण मंजूर. डॉक्टरची फी नाही. आजारपण वैयक्तिक असतं."

"अहो, पण मी आजारी नव्हतोच!"

"मग डॉक्टरकडे कशाला गेलात?"

गेलेल्या ऑर्डरचं तिथं कुणाला सोयरसुतक नव्हतं. साहेबांनी तर पाठ थोपटली. "बिलं आता चोख देतोस. असा माणूस टेबलावर बसवून वाया कशाला घालवायचा? उद्याच निघ."

घरी बायकोनं मंजुरीचा कागद दोनदा वाचला. "एका जेवणाचे मिळाले. बारा वर्षं घरी जेवायची राहिली, त्याचं बिल कुणाकडे लावायचं?"

तो बॅग भरत राहिला. बॅगेसाठी केलेल्या जागेत तिनं रद्दी नेऊन ठेवली.