खूनमुक्त जिल्ह्यातले कावळे

आमचा जिल्हा खूनमुक्त म्हणून जाहीर झाल्यापासून खुनांचा तपास कावळे करतात. तसा आदेश कुणी काढलेला नाही. पण पोलिसांनी तपास करायचा तर आधी खून झालेला असावा लागतो, आणि आमच्याकडे तो होत नाही. जिल्ह्याच्या हद्दीवर तशी कमानच उभी आहे. तेव्हा काम कुणीतरी करायला हवं, म्हणून ते घाटावर आलं.

त्या घाटावर मी दहाव्याचे विधी सांगतो. पिंड ठेवायचे, सगळ्यांनी लांब सरकायचं आणि कावळ्याची वाट बघायची. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही. मग घरच्यांनी मोठ्यानं कबूल करायचं, धाकटीचं लग्न लावून देऊ, आईला अंतर देणार नाही. नेमकी इच्छा सापडली की कावळा येतो. इतक्या वर्षांत त्यानं कुणाला फसवलेलं मला आठवत नाही. माणसांबद्दल मी एवढं बोलणार नाही.

गेल्या वर्षी गळ्यावर निळसर वळ असलेली माणसं एकामागून एक गेली. दाखल्यावर कारण असायचं, 'झोपेत'. त्यांच्या पिंडांना कावळा शिवेना. घरचे बोलून बोलून थकायचे. एका घरात तर भावाभावांनी वाटणीचं भांडण तिथल्या तिथं मिटवलं, तरी कावळा ढिम्म.

अशाच एका दहाव्याला फौजदार उर्मिला टेमघरे साध्या साडीत येऊन मागं उभ्या राहिल्या. आमच्या ठाण्यात त्या नव्यानंच आल्या होत्या आणि त्यांना गप्प बसायची सवय अजून लागली नव्हती. त्या म्हणाल्या, "मारणारा सापडेल." कावळा दोन उड्या पुढं आला. बाईंच्या लगेच लक्षात आलं. नात्यातला होता का, असं त्यांनी विचारलं, तर तो एक उडी मागं गेला. दिवसा आला होता का? पुढं आला. पुढच्या दोन दहाव्यांत बाईंना कळलं की मारणारा पुरुष आहे, सरकारी कामासाठी दारात येतो आणि दोरी बरोबर आणतो. कावळे ऐकीव काही सांगत नाहीत, आपापल्या माणसापुरतंच बोलतात. त्यामुळे बाईंना पुढच्या मरणाची वाट बघावी लागायची, आणि त्याचा त्यांना फार त्रास व्हायचा.

ही बातमी वर गेली. नायब तहसीलदार अवचट येऊन मला म्हणाले की आमच्या घाटावर मृतांमध्ये नाराजी आहे असा अहवाल गेलाय. आठवड्याभरात जीपमधून तीन शासकीय कावळे आले, पायात पितळी कडी असलेले. गावठी कावळ्यांना फटाके लावून हाकललं. शासकीय कावळे पिंड खाली ठेवायच्या आत शिवायचे. एकदा तर त्यातल्या एकानं कुणा आजोबांच्या पिंडाऐवजी माझ्या पंचपात्रालाच शिवून घेतलं आणि तेही ग्राह्य धरलं गेलं.

अवचट तसे वाईट माणूस नव्हते. प्रत्येक दहाव्याला चपला काढून मान खाली घालून उभे राहायचे. "गुरुजी, मला वरून येतं," एवढंच म्हणायचे.

मग सायकल दुरुस्त करणारा दिनकर झोपेत गेला. दुकानात, भरदुपारी, हातात पाना घेऊन झोपेत गेला. त्याची आई द्वारकाबाई माझ्याकडे आली. रडून झालं होतं तिचं.

"गुरुजी, मला दुसरं काही नको," ती म्हणाली. "माझ्या दिनूला कुणी मारलं ते कळू द्या. आन् मारलं असं सरकारनं आपल्या तोंडानं म्हणू द्या."

मी टेमघरेबाईंना सांगितलं. त्यांची बदली आली होती. दिनूचा दहावा झाला की दुसऱ्या दिवशी त्यांना जायचं होतं, आणि मग विचारणारं कुणी उरणार नव्हतं.

दहाव्याला शासकीय कावळे नव्हते. पितृपंधरवडा चालू होता, त्यामुळे तिघेही मंत्र्यांच्या वाडवडिलांसाठी राजधानीत गेले होते. अवचटांनी सांगितलं, शास्त्रात सोय आहे, दर्भाचा कावळा करा आणि उरका. शास्त्रात खरोखरच सोय आहे. दिनूच्या पुतण्यानं पिंड ठेवले. मी दर्भ वळून कावळा केला, चोचीशी गाठ मारली. तेवढ्यात घाटावरच्या खांबाला 'खासगी कावळ्यांना मनाई' अशी पाटी ठोकायला किसन ढगे आला. घरोघरी 'खूनमुक्त घर' अशा पत्र्याच्या पाट्या ठोकणारा हाच.

मी दर्भाचा कावळा पिंडाला लावायला गेलो तर तो माझ्या हातातून उतरला आणि एक उडी मागं गेला. मी त्याला उचलून पुन्हा पुढं ठेवलं. तो पुन्हा मागं गेला.

टेमघरेबाई पुढं झाल्या. "पाटी ठोकायला आला होता का?"

दर्भाचा कावळा उडाला. गवताचाच तो, फार उंच जमलं नाही. ढगेच्या पाट्यांच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला. गठ्ठा निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेला होता.

ढगेनं तोंडातला खिळा काढला. "लावून घेत नव्हते, साहेब," तो अवचटांना म्हणाला. "पाटी खोटी आहे म्हणायचे."

बाईंनी त्याचं मनगट धरलं आणि अवचटांकडे वळून विचारलं, खून झालेला नसेल तर मी याला कशासाठी धरू? कावळा पिंडाशी परत आला, पण शिवेना. अवचटांनी त्याला समजावून पाहिलं. आईला पेन्शन सुरू करू, म्हणाले. तो मागं गेला. चौकाला दिनकरचं नाव देऊ. तो आणखी मागं गेला. ऊन डोक्यावर आलं. कुणी घरी जाईना.

शेवटी द्वारकाबाई अवचटांजवळ गेली. "साहेब, त्याला चौक नको. त्याला खरं सांगा."

अवचट ओल्या पायरीवर बसले. त्यांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "दिनकर, तुझा खून झाला."

"मोठ्यानं," द्वारकाबाई म्हणाली.

त्यांनी मोठ्यानं सांगितलं. नदीपलीकडच्या शेतात काम करणाऱ्या बायांनी वर पाहिलं. दर्भाचा कावळा आला आणि पिंडाला शिवला. मला त्या वेळी रडू आलं. विधी सांगणाऱ्यानं रडायचं नसतं.

ढगे आत आहे. टेमघरेबाई ठरल्याप्रमाणे बदलीवर गेल्या, अवचटही गेले, आणखी लांब. हद्दीवरची कमान अजून आहे.

विधी संपल्यावर दर्भाचा कावळा नदीत सोडायचा असतो. द्वारकाबाईनं सोडू दिला नाही. आधीच्या माणसांच्या पिंडांना अजून शिवायचंय, म्हणाली. तो भिजू नये म्हणून तिनं त्याला दिनूच्या दुकानात ठेवलंय. सुटीच्या दिवशी अवचट एसटीनं येतात, घाटावर चपला काढतात आणि आधी गेलेल्यांपैकी एकाचं नाव घेऊन त्याला खरं काय ते सांगतात. मी पिंड ठेवतो. द्वारकाबाई शेजारी उभी राहते, आवाज कमी पडला तर सांगायला.