यादीत घर सहावं

तीन संध्याकाळी वाद घालूनही मुकादम आणि वहिनी यांचं एकमत होईना. बारा वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेल्या ठेवीची मुदत संपली होती आणि आता आधी काय करायचं, यावरून घरात नुसती धमाल उडाली होती. मुकादम घरसामान हलवणाऱ्या एका कंपनीत माल चढवणाऱ्यांचे प्रमुख. वहिनी त्यांच्या पत्नी, दातांच्या दवाखान्यात पेशंटना भेटीच्या वेळा देणाऱ्या. कंपनीतले झाडून सगळे त्यांना वहिनी म्हणतात, तेव्हा आपणही तेच म्हणू.

वहिनींना हवं होतं घर. दुसरं तिसरं कुठलं नाही, ज्यात भाड्यानं राहत होते तेच. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी सांगितलं होतं, "सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत विसार द्या. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयारच आहे." मुकादमांना मात्र कधी गाडी हवी असे, कधी समुद्रसफर.

शेवटी रविवारी ते म्हणाले, "हे बघ, सामान लावण्यात माझा हात कोणी धरणार नाही. सगळं नीट क्रमवार लावून देतो. मग मात्र हूं की चूं करायचं नाही."

"नाही करणार. उद्या माझी रजाच आहे. तुम्ही लिहा, मी कामाला लागते."

सोमवारी उजाडता उजाडता मुकादम निघून गेले. माल चढवताना फोन जवळ ठेवायचा नाही, असा त्यांच्याकडे कडक नियम. फ्रिजवर चुंबकाखाली यादी होती. वहिनींनी चहाचा कप हातात घेऊन मोठ्यानं वाचली. एक, माझी निवृत्ती. दोन, समुद्रसफर. तीन, मुलीचं लग्न. चार, मुलीचं कॉलेज. पाच, गाडी. सहा, घर.

वहिनींनी यादी पुन्हा एकदा वाचली. तीन दिवस घर घर करून घसा कोरडा केला, आणि घर सहावं! घडाघडा बोलायला नवरा समोर नव्हता, म्हणून त्या खुर्चीत बसल्या. बसल्यावर त्यांना रोज रात्री मलम चोळून घेणारी मुकादमांची पाठ आठवली. लोकांची कपाटं वाहून वाहून वाकलेली. हा माणूस तोंडानं कधी दमलो म्हणाला नाही आणि आज एक नंबरला निवृत्ती लिहून गेला. वहिनींना भरूनच आलं. डोळे पुसून त्या उठल्या आणि त्यांच्या अंगात एकदम उत्साह संचारला. त्यांच्या दवाखान्यात एक नंबर आत गेल्याशिवाय दोन नंबरला खुर्चीवरून हलू देत नसत, मग तो कितीही विव्हळो.

त्यांनी थेट कंपनीच्या मालकांना फोन लावला.

"निवृत्ती? अहो, बेचाळीसचा तर आहे तो! आणि स्वतः का नाही बोलला?"

"जड जातंय हो त्यांना. लिहून ठेवलंय."

पलीकडे मालकांनी नाक शिंकरलं. "काही काळजी करू नका वहिनी. असा निरोप देतो की बघत राहाल!"

एक नंबर झाला! सर्दीमुळे शाळेला दांडी मारलेल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन वहिनी जहाजाच्या तिकिटांच्या कार्यालयात पोचल्या. "दोन मोठे, एक लहान. लवकरात लवकर. पाठोपाठ लग्न आहे आमच्याकडे." तिथल्या बाईंनी संध्याकाळपर्यंत जागा राखून ठेवल्या. तिथून दोघी मंगल कार्यालयात.

"तारीख?" व्यवस्थापकानं विचारलं.

"साधारण पंधरा वर्षांनी."

"नवरदेवाचं नाव?"

"ते अजून ठरायचंय."

"बाई, आमची डायरी पुढच्या वर्षापर्यंतच असते."

"मग मागच्या कोऱ्या पानावर लिहा."

लेक तोंड पाडून उभी होती. "आई, आधी लग्न, मग कॉलेज, तर माझ्या चौथीचं काय?"

"चौथी यादीत नाही," वहिनी म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांच्या मनात पहिल्यांदा शंकेची पाल चुकचुकली.

साडेपाच उलटून गेल्यावर दोघी घरी आल्या, तर दारात मुकादम. एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्या हातात केकचा खोका आणि चेहरा पांढराफटक.

"मला निवृत्त कोणी केलं?"

"आवडलं नाही का?"

"आवडलं? मालक केक घेऊन आले, माणसं रडायला लागली. मला वाटलं ड्रायव्हर निवृत्त होतोय. सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या! गुच्छ माझ्या हातात दिला तेव्हा कळलं!"

"अहो, एक नंबरला तुम्हीच लिहिलीत ना निवृत्ती?"

"एक नंबर म्हणजे ट्रकमध्ये आधी चढणार! पार आत, केबिनला टेकून! जे आधी आत, ते शेवटी बाहेर. दाराशी काय ठेवतो आम्ही? पोचल्या पोचल्या लागेल ते."

वहिनी बोटांवर उलटं मोजू लागल्या. "म्हणजे सहा नंबर..."

"दाराशी घर आहे, घर!"

"मग तसं सांगायचं ना! आमच्या दवाखान्यात तुमच्यासारखं केलं, तर सकाळी आलेल्याची दाढ दिवेलागणीला निघेल!"

मुकादम हळूच म्हणाले, "घर सहावं वाचूनही तू भांडली नाहीस?"

"वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण तुमची पाठ रोज मी बघते ना."

मुकादमांनी गुच्छ वहिनींच्या हातात कोंबला. तेवढ्यात लेक ओरडली, "आई, पावणेसहा!"

तिघंही जिन्यावरून धडधडत खाली. दुसरं गिऱ्हाईक खरंच येऊन बसलं होतं आणि वरच्या खिडक्यांना पडदे कोणते शोभतील, ते घरमालकीणबाईंना सांगत होतं. मुकादमांनी धापा टाकत चेक पुढे केला. बाईंनी घड्याळ पाहिलं, चेक पाहिला आणि गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "पडद्यांचं आता हेच बघतील." लेकीनं अशी किंकाळी फोडली की गिऱ्हाइकाचा चहा बशीत सांडला.

वर येऊन स्वतःच्या घरात तिघांनी केक कापला. केकवर 'निवृत्तीच्या शुभेच्छा' होतं. लेकीनं निवृत्तीचा भाग आधी खाल्ला. मोठी दोघं पहिला घास घेतात तोच मुकादमांचा फोन वाजला. मालकांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"मुकादम, घात झाला! नव्या पोरांनी पलंग आत आणि कुंड्या दाराशी लावल्या. गिऱ्हाईक रस्त्यात कुंड्यांमध्ये बसलंय आणि मला शिव्या घालतंय! परत या हो. पगार वाढवतो. आत्ता या!"

मुकादमांनी आनंदानं "हो" म्हणायला तोंड उघडलंच होतं. वहिनींनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"नमस्कार मालक. मुकादमांना आज सवड नाही. गुरुवारी साडेदहाची एक वेळ रिकामी आहे, नाव लिहून ठेवू?"