उतरंडीची आणि मधलीवाडीच्या सुपाऱ्यांची बखर

ज्याचे उदरी त्रिभुवन, त्रिभुवनात एक मूषक, मूषकापुढे मोदक आणि मोदकात पुन्हा गोडवा, ऐसा जो आतल्या आत मावणारा श्रीगजानन, त्यासी नमस्कार करून, जैसे ऐकिले तैसे लिहितो. शके सोळाशे चौऱ्याण्णव, नंदननाम संवत्सर, माघमास. ते समयी एका राज्यात श्रीमंत आईसाहेब कारभार पाहत होत्या आणि राज्य सुखी होते, आणि सुखी राज्यात जे व्हावे तेच जाहले, म्हणजे कन्येचे लग्न निघाले. वर घाटापलीकडचे लहानशा राज्याचा. सोयरीक जमली, कुंडल्या जमल्या, आणि मग विहीणबाई याद्या करावयास म्हणून पालखीतून आल्या. बाई मनाच्या मोकळ्या, परंतु जिभेच्या तिखट. दोन घास होतात न होतात तोच पुसत्या जाहल्या, "लग्नास तुमचेकडील किती माणूस?" आईसाहेब बोलिल्या, "सारे राज्य येईल." विहीणबाई म्हणाल्या, "सारे राज्य म्हणजे कोण कोण, हे तर सांगाल? यजमानास ज्याचे नाव ठाऊक नाही तो वऱ्हाडी कसला, ती तर जत्रा! आमचे राज्य तळहाताएवढे, पण घर न् घर ठाऊक. तेव्हा कार्य आमचेकडेच करू." हे ऐकोन आईसाहेबांची भुवई वर गेली आणि त्या ताडकन बोलिल्या, "फाल्गुनात पुन्हा यावे. राज्याचे जे आकड्यावर तुम्ही बोट ठेवाल तो आकडा तुम्हांपुढे उघडेल, चुलीपर्यंत, घरधन्याचे नावानिशी. एक जरी उघडला नाही, तर कार्य तुमचे दारी." पैज लागली. आणि मुलीचे लग्न आपले डोळ्यांसमोर व्हावे की घाटापलीकडे, हे सारे मग एका माणसाचे माथी येऊन बसले. तो माणूस निळोजी दफ्तरदार.

निळोजी हुशार, परंतु नीटनेटकेपणाचा भारी सोस. पगडीची घडी मोडली तर त्यास अन्न गोड लागू नये. त्याचे दफ्तरात राज्यातील गावे एकामागे एक, अखंड, जैशी मुंग्यांची रांग, ऐशी लिहिली होती. कोणी एक गाव पुसावे तर कारकुनाने सकाळी बसावे आणि दिवेलागणीस मान वर करावी, तोवर पुसणाराचे कामच उरू नये. हे विहीणबाईंपुढे कैसे चालावे? ऐशा विवंचनेत निळोजी घरी जेवावयास बसला, तो त्याची बायको सगुणाबाई कोपऱ्यातील उतरंड उतरीत होती. वरचे बोळके काढिले, मग त्याखालचे मडके, मग माठ, आणि तळाचे रांजणातून चिंच काढून पुन्हा सारे जैसेचे तैसे रचिले. निळोजीचा घास हातातच राहिला. सगुणाबाई म्हणाली, "धनी, मीठ जास्त पडलं का काय?" तो म्हणाला, "अगं, मीठ नव्हे, राज्य सापडले!" आणि उष्ट्या हाताने उठला.

मग कुंभारवाड्यात गलका जाहला. सरकारचे काम म्हणोन चाके फिरली, आणि वाड्याचे चौकात राज्य मांडावयास प्रारंभ जाहला. रांजण एक, तो सारे राज्य. माठ तितके, जितके सुभे. माठामागे मडकी परगण्यांची, मडक्यामागे बोळकी गावांची, आणि बोळक्यात सुपाऱ्या, दर चुलीस एक. सुपारीस दोरा आणि दोऱ्यास घरधन्याचे नावाची चिठी. प्रत्येक रांगेपुढे पडदा, प्रत्येक भांड्याचे तोंडास फडके, फडक्यावर गेरूने आकडा. निळोजीने दोन दंडक घातले. एक ऐसा की, वरचा आकडा खालच्यांचे बेरजेस मिळालाच पाहिजे. दुसरा ऐसा की, पुसल्यावाचून दाखवू नये आणि पुसले की थांबू नये. रांजणावर बोट ठेविले की पडदा सरावा आणि माठ दिसावे, माठावर ठेविले की त्याचीच मडकी पुढे यावी, बाकीची निमूट राहावी. कारकून पोरांसारखे हुरळले. एकमेकांस म्हणत, "ठेव बोट!" आणि पडदे ओढीत. आईसाहेबही सदरेवरून उतरून येत आणि आपले आजोळचे बोळके उघडून पाहत, आणि अमक्या म्हातारीची सुपारी हाती धरून "ही अजून आहे?" म्हणोन हसत. असा तो सारा महिना मौजेचा गेला.

आता नीटनेटके माणसाची खोड कोठे नडते ते ऐकावे. नदीचे पात्रात मधलीवाडी म्हणोन एक बेट होते. पावसाळ्यात नदीचा मोठा ओघ बेटाचे डावीकडून वाहे, तेव्हा वाडी उजवे परगण्यास चिकटे. उन्हाळ्यात ओघ उजवीकडे सरे, आणि मग तीच वाडी डावे परगण्यात चालत जाई. आषाढात एका देशमुखाने मोजावी, चैत्रात दुसऱ्याने, आणि दोघेही खरे. दोहींकडे मांडावी तर रांजणाची बेरीज फुगे. एकीकडे मांडावी तर दुसरा देशमुख मिशा पिळीत येई. निळोजीने डोके खाजविले, आणि शेवटी तेथील सुपाऱ्या गोळा करून, चिठ्या न बांधिता, एका निराळ्या बोळक्यात ओतिल्या, त्यावर गेरूने लिहिले 'किरकोळ', आणि ते बोळके खांबाआड ठेविले. बेरीज मिळाली. परंतु वाचणाराने हे ध्यानी धरावे की, मधलीवाडी हे सगुणाबाईचे माहेर. तिने एकदा नव्हे, तीनदा पुसिले, "धनी, माझी वाडी कोणच्या मडक्यात बसवली?" आणि तिन्ही वेळा निळोजी "बसवली गं, बसवली" म्हणोन पगडी सारखी करीत बाहेर पडला.

फाल्गुनात विहीणबाई आल्या. चौक सारवलेला, रांगोळ्या घातलेल्या, गावोगावचे पाटील ओळीने उभे, आणि एकीकडे चिकाचे पडद्यापलीकडे साऱ्या बायका. विहीणबाईंनी रांजणावर बोट ठेविले. पडदा सरला. माठावर ठेविले, मडकी आली. मडक्यावर ठेविले, बोळकी आली. एका बोळक्यात हात घालोन सुपारी काढिली तो तेथील पाटील पुढे होऊन म्हणाला, "ही आमच्या गोंदाजी परटाची, बाईसाहेब. घरात सात माणसं, न् गोंदाजी एकटा तिघांचं जेवतो." चौक हसला. बाई हसल्या. मग त्यांस तो खेळच लागला. हे उघडा, ते उघडा, आता त्याच्या शेजारचे उघडा! ऐसे दुपारपर्यंत चालिले आणि कोठेही अडले नाही. आईसाहेबांचे मुखावर कन्येचे मांडव दिसू लागले. निळोजीचेही छातीत हवा भरू लागली. तोच विहीणबाई पाय मोकळे करावयास उठल्या, खांबाजवळ गेल्या, आणि म्हणाल्या, "अगोबाई, हे एक राहिलेच की!"

आणि त्यांनी 'किरकोळ'वर बोट ठेविले.

कोणी कारकून हालला नाही. विहीणबाईंनी आपले हातानेच फडके काढिले. आत सुपाऱ्या, दोरा नाही, चिठी नाही. "ह्या कोणाच्या चुली?" आईसाहेबांनी निळोजीकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, लेक दूर चालल्याचे नुसते दुःख होते, ते निळोजीस रागाहून जड गेले. विहीणबाई पदर सावरून म्हणाल्या, "तर मग वाजंत्रीवाले आमचेकडले सांगते."

तेव्हा निळोजी पुढे आला. पगडी वाकडी जाहली होती आणि आयुष्यात प्रथमच ती त्याने तैशीच ठेविली. म्हणाला, "सरकार, अपराध माझा. गाव किरकोळ नव्हे. ही मधलीवाडी, माझी सासुरवाडी." आणि खाली बसोन बोळके मांडीवर घेतले. आता मधलीवाडीची रीत ऐशी की, एका घरचा जावई तो साऱ्या वाडीचा जावई. दिवाळसणास त्याने घरोघर पाटावर बसावे आणि घरोघर खावे, एक घर चुकले तर ते घर वर्षभर बोलत नाही. निळोजीने सुपारी उचलिली आणि बोलू लागला, "ही भिवजी नावाड्याची. यांनी मला सांदण वाढले आणि वर गुळवणी ओतली. ही त्याचा भाऊ रामजी याची, यांचेकडे माशाचे कालवण, आणि काटा घशात अडकला तो त्यांचे म्हातारीने भाताचा गोळा भरवून उतरविला. ही काशी तांबटीण, हिचे अनारसे दगड, पण माया लोण्याची." ऐसा एकेक सुपारी काढी आणि एकेक घर उघडी, आणि चिकापलीकडे बायका तोंडास पदर लावून हसत. उजवे परगण्याचा देशमुख म्हणे "खरे आहे!" आणि डावे परगण्याचाही म्हणे "अगदी खरे!" पोट भरले होते ते आज कामास आले. बोळके रिते होत आले, आणि तळाशी एक सुपारी राहिली.

निळोजीने ती हाती घेतली, फिरविली, घर आठवेना. पहिले घर मोजिले, घाटावरचे मोजिले, पिंपळाखालचे मोजिले. विहीणबाई पुढे वाकल्या. आणि चिक फाडील ऐशा आवाजात सगुणाबाई ओरडली, "अहो धनी, ती माझ्या आईची! समद्या वाडीचं खाल्लेलं ध्यानात राहिलं, न् जिच्या घरी पंधरा दिस पसरला होता तीच विसरला व्हय!"

चौक ऐसा हसला की बोळकी हालली. विहीणबाई हसोन हसोन खाली बसल्या, डोळे पुसिले आणि म्हणाल्या, "जावयाने सासूस विसरावे, ही तर जगाची रीत. माझ्याही लेकाने तुम्हांस विसरू नये म्हणोन कार्य इथेच व्हावे, हे बरे. उघडला तुमचा आकडा, चुलीपर्यंत उघडला!" आईसाहेबांनी उठोन त्यांस मिठी मारिली. मग निळोजीस जवळ बोलावून पुसिले की वाडी बाजूस का टाकिली. त्याने नदीचे सारे सांगितले. आईसाहेब बोलिल्या, "नदीचे मन फिरते, त्यास वाडीने काय करावे? जे कोणत्याच मडक्यात बसत नाही, ते माझे. मधलीवाडी आजपासून थेट रांजणास लावा, मध्ये माठ नको, मडके नको. तिची अक्षत मी आपले हाते देईन. आणि किरकोळ म्हणोन बोळके दफ्तरात पुन्हा दिसू नये." दोघे देशमुख एकमेकांकडे पाहून मिशांत हसले, कारण दोघांचेही भांडण गेले आणि मान कोणाचाच गेला नाही.

वैशाखात लग्न जाहले. घरोघरची अक्षत घरोघर पोहोचली होती, म्हणोन सारे राज्य आले, आणि आल्यावर प्रत्येकास त्याचे नावाने हाक मारिली. मधलीवाडी थेट सरकारची, सबब तिची पंगत पहिली, आईसाहेबांचे शेजारी. सगुणाबाई नाकात नथ घालून तेथे बसली आणि साऱ्यांस सांगत होती, "आमचं माहेर रांजणाला. धन्यांचं गाव, बघा, कुठं ते चौथ्या ओळीत बोळक्यात." निळोजीही जावई म्हणोन त्याच पंगतीस कोपऱ्यात बसला होता. वाढावयास त्याची सासू. पुरणपोळीची परात घेऊन म्हातारी एकेकाचे नाव घेत, वाढीत, पुढे येत गेली, आणि निळोजीपुढे येऊन थांबली. त्याचे तोंडाकडे निरखून पाहिले, मग लेकीकडे वळोन मोठ्याने पुसिले, "सगुणे, हे पान कुणाचं गं? मला काही वळख लागत नाही. किरकोळात धरू का?"

आणि पंगत हसत असता, तिने त्याचे पानावर दोन पोळ्या वाढिल्या आणि वर तुपाची धार सोडिली ती आवरलीच नाही. येणेप्रमाणे लग्न घरी जाहले, आकडा चुलीपर्यंत उघडला, आणि निळोजी सासूस त्याउपरि विसरला नाही. इतके वर्तमान. लिहिणाराचेही पान त्या पंगतीस होते.