यशवंतमामांची लाकडी माणसं

यशवंतमामा माणसांना करवतीनं कापून भेट देतात. म्हणजे त्यांच्या फोटोंना. आधी फोटो काढतात, उन्हात कागदावर छापतात, चहाच्या खोक्याच्या फळीवर खळीनं चिकटवतात आणि कडेकडेनं कापून त्या माणसाची वीतभर बाहुली करतात. कपडे देवराज मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या फुकटच्या चिंध्यांचे. लग्न असो की बारसं, मामांकडून हेच.

“बाजारची बाहुली कुणाचीही असते. ही आपली, अल्वा?” असं ते म्हणतात. आमच्या मैसुरी मराठीत निम्मं कानडी असतंच, पण ‘नाही का’ ऐवजी ‘अल्वा’ हे मामांच्या दर वाक्याला येतं.

मामा माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात एकटे राहतात. पूर्वी महाराजांच्या घोडदळात होते. डब्याचा कॅमेरा त्यांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून घेतला. फोटो काढताना घोड्याला दटावावं तसं दटावतात, “अल्लाडबेड. हलू नको म्हटलं ना.” माझा काढला तेव्हा मी मान वर केलीच नाही. बाहुलीला नुसता पदर आणि नथ आली. मामा म्हणाले, “तोंड नाही, पण ओळखू येतेस.”

आमच्याकडे नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. मधोमध राजाराणी. विजयादशमीला संध्याकाळी या मधल्या जोडीला आडवं निजवलं, की नवरात्र संपलं. यंदा मामांनी रंग उडालेली राजाराणी परस्पर उचलून नेली आणि त्यांच्या जागी माझे सासरे-सासूबाई उभे केले.

तेव्हापासून मला काही कळेनासं झालं. सासऱ्यांसमोर मी डोक्यावरून पदर घेते. मग बाहुलीसमोर घ्यायचा का? घेतला. एकदा बाहुलीपुढं केर काढत असताना खरे सासरे मागून आले. पाठ कुणाकडे करावी ते सुचेना, म्हणून केरसुणी टाकून स्वयंपाकघरात गेले. हळदीकुंकवाला बायका आल्या, त्यांनी सासूबाईंच्या बाहुलीला कुंकू लावलं आणि सासूबाईंना लावायचं राहिलं.

विजयादशमीला खरी पंचाईत झाली. जित्याजागत्या माणसांना निजवायचं कसं?

“मला करा आडवं,” सासरे म्हणाले. “मी तसाही आडवाच असतो.”

“सणासुदीला भलतं बोलू नका,” सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “जा, त्या शहाण्याकडून माझी राजाराणी घेऊन ये.”

मी गेले. राजाराणी मामांनी घासून कोरी केली होती. दोघांना अजून डोळेसुद्धा नव्हते.

मामांच्या पायऱ्या म्हणजे एक पाट. त्यावर मामी उभ्या होत्या, हिरव्या चिंधीचं लुगडं नेसून. मामींना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या पायाशी मामांची बाहुली निजवलेली होती.

“मामा, जोडीतलं एकच निजवलंत?”

“तिला नाही निजवत मी. एकदा निजली ते पुरे. दरवर्षी मीच निजतो.”

मी आमची पंचाईत सांगितली. मामा आत गेले आणि स्वतःचीच आणखी एक बाहुली घेऊन आले, फेटा बांधलेली.

“ही ने. भावोजींना, अक्काला राहू दे उभं, मला निजव. सुम्ने, उगीच आपलं, काही होत नाही. माझ्यामागं रडायला कोण आहे, अल्वा?”

मी बाहुली पदराआड धरून घरी आले आणि सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं.

“असं म्हणाला?” त्यांनी बाहुली हातात घेतली. तिचा फेटा सारखा केला. मग सासऱ्यांच्या बाहुलीला जरा बाजूला सरकवलं आणि मामांना आपल्या बाहुलीशेजारी उभं केलं.

“अगं, मग निजवायचं कुणाला?” सासऱ्यांनी विचारलं.

“कुणालाच नाही.”

“आणि उद्या?”

“उद्याही नाही.”

आमचं नवरात्र संपलं की नाही ते मला अजून कळलेलं नाही. पायऱ्या तशाच मांडलेल्या आहेत. दिवाळीचा फराळ त्यांच्यापुढंच बसून करायचा ठरलाय. मामांना बोलवायला सासूबाई स्वतः जाणार आहेत. मला म्हणाल्या, “तू नको. तो तुझ्या हातात काहीतरी देऊन तुला परत पाठवील.”