मामाची मिशी, मागं मामी

चिखलीत पोर्ट्रेट काढावं तर अश्वजितनंच, असं खुद्द अश्वजितचं ठाम मत होतं. कॅमेऱ्यासोबत आलेली साधी लेन्स त्यानं विकून टाकली अन् पंच्याऐंशी एमएमची, वाटीएवढ्या डोळ्याची लेन्स घेतली. पुढचा माणूस लख्ख, मागचं सगळं लोण्यागत विरघळलेलं! दोघातिघांच्या फोटोसाठी साधीही राहू दे, असं दुकानदार सांगत होता. यानं उलट त्यालाच कला शिकवली.

पहिलं गिऱ्हाईक घरचंच. भाऊरावमामा अन् जनकामामीचा एकत्र फोटोच नव्हता. लग्नात फोटोवाला आला नाही, पुढं कोणाला सुचलं नाही. आता भिंतीवर दोघं सोबत दिसावीत, एवढीच मामीची हौस. त्यासाठी तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं अन् विंचरलेलं डोकं पुन्हा विंचरलं.

अंगण बाजेएवढं, लेन्सले पाहिजे मैदान! डोळा कॅमेऱ्याला चिकटवून अश्वजित मागं सरकत गेला. नाली ओलांडली अन् शेजारच्या केसरबाईच्या वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन बसला. केसरबाई त्याच्या सात पिढ्या उद्धरत असतानाच त्यानं बटण दाबलं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर मामाची मिशी तेवढी तपासली अन् पळाला.

फ्रेम आली. मिशीचा केस न् केस मोजून घ्या! मामा खूश. मामीनं पदरानं काच पुसली. पुन्हा पुसली.

"अश्वजित, मी कुठी हाय रे?"

मामाच्या खांद्यामागं हिरवा डाग होता. अश्वजितनं त्यावर बोट ठेवलं. मामी दोन पावलं मागं उभी होती. ती रस्त्यानंही तशीच चालायची, म्हणून याच्या ध्यानातच आलं नाही. कलावंत म्हणे!

इलाज होता. हीच लेन्स चालली असती, फक्त दोघं एका ओळीत पाहिजे होती.

"मामा, पुन्हा काढू. मामीच्या बरोबरीनं उभे राहा."

"काऊन बे? मी त चांगला आलो." मामानं खिळा ठोकला.

मामीचं हिरवं लुगडं घडी होऊन पेटीत गेलं. अश्वजितनंही रेटून धरलं नाही, अन् तेच त्याला आजवर खातं.

परवा नारायणराव पाहुणे आले. भिंतीकडं पाहून म्हणाले, "भाऊराव, एकट्याचाच काढला काय?"

"हाव, त्यायचाच हाय," चहा देत मामी म्हणाली.

"पण साफ आला. काढला कोनं?"

मामीनं अश्वजितकडं पाहिलं. अश्वजित बशीत फुंकर मारत राहिला. आपलं नाव त्यानं न सांगण्याची ही पहिलीच वेळ.